आत्मविश्वास कोठून येतो ?

‘आत्मविश्वास ठेव, म्हणजे यश तुझेंच आहे,’ हा उपदेश हल्लीं आपल्या घरांत सांजवातीइतकाच नित्याचा झाला आहे. मुलगा परीक्षेस निघाला, मुलगी मुलाखतीस निघाली, सून नव्या नोकरीवर रुजू व्हावयास निघाली, कीं दह्याच्या कवडीबरोबर हा उपदेशही हातावर पडतो. तो खोटा आहे असें माझें म्हणणें नाहीं. परंतु जो विश्वास ठेवावयाचा तो आणावयाचा कोठून, हें सांगण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. सी. ए.च्या अंतिम परीक्षेंत तो दोनदां अनुत्तीर्ण झालेला. जेवतांना कोणी धीर दिला कीं मान खालीं घालून तो उगाच भात कालवीत बसे. एके रात्रीं तो मला म्हणाला, “मामा, ‘तुला जमेल’ असें सगळेच म्हणतात, पण तुला काय जमत नाहीं, हें कोणीच विचारीत नाहीं.” त्या वेळीं मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्याला बरोबर घेऊन चौकास गेलों.

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेकडून निघालेला रस्ता मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें मागें टाकीत उत्तनच्या बाजूस जातो. त्याच अंगास, वसईच्या खाडीच्या मुखाशीं, चौक हें कोळ्यांचें गांव आहे. किनाऱ्यास होड्या, वाळत घातलेले बोंबील, आणि वर टेकाडावर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष व चिमाजीअप्पांचें स्मारक. मुंबईंतील सर्वश्रुत धारावी ती ही नव्हे. येथून खाडीपलीकडे पाहिलें कीं समोर वसईचा कोट दिसतो.

वसईच्या मोहिमेचा शेवट आपणां सर्वांस ठाऊक असतो. तिचा मधला भाग मात्र आपण विसरतों. १७३७ च्या मार्चमध्यें ठाणें हस्तगत करून मराठे वसईवर गेले, आणि तेथें त्यांचे प्रथमचे हल्ले साफ फसले. तट भक्कम, तीन बाजूंस पाणी, आंत तोफांचा मारा. शिड्या लावून चढूं पाहणारीं कितीएक माणसें कामास आलीं. वसई घेऊंच, हा विश्वास त्यांच्या मनांत त्याही दिवशीं असला पाहिजे. परंतु केवळ विश्वासाची शिडी तटास पुरत नाहीं.

पुढें कामाची रीत बदलली. ज्या ठाण्यांच्या आधारावर वसई उभी होती तीं एकेक करून घेण्यांत आलीं. १७३९ च्या आरंभीं माहीम, शिरगांव आणि तारापूर पडलें. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा खर्ची पडला. धारावीसाठीं दोन्ही पक्षांत पुनःपुन्हां झुंज झाली, आणि त्याच वर्षीं मार्चमध्यें ती अखेर मराठ्यांच्या हातीं आली. तिचें महत्त्व त्या टेकाडावर उभें राहिल्याबरोबर ध्यानांत येतें. समुद्रावरून खाडींत शिरणारें गलबत येथून नजरेखालूनच जातें; वसईस कुमक यावयाची ती याच वाटेनें. त्यानंतर कोटास मोर्चे लागले, तटाखालीं सुरुंग खणले गेले. त्यांतील कांहीं अवेळीं उडून मराठ्यांचींच माणसें दगावलीं. तरी दुसऱ्या दिवशीं काम पुन्हां चालू झालें. मे १७३९ मध्यें पोर्तुगीजांनीं कोट स्वाधीन केला.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कोटांत असलेले पोर्तुगीजही शौर्यानें लढले, त्यांचा सेनापतीही वेढ्यांत पडला. त्यांचा स्वतःवरचा विश्वास कांहीं उणा नव्हता. उणें होतें तें बाहेरचें साह्य. चिमाजीअप्पांनीं वज्रेश्वरीस नवस केला होता असें सांगतात, आणि देवीचें देऊळही पुढें उभें राहिलें. परंतु नवस बोलून ते स्वस्थ बसले नाहींत. मराठ्यांचा जो विश्वास अखेरीस फळास आला, तो ठाण्यापासून धारावीपर्यंत एकेक काम हातून पार पडत गेलें त्यांतून पक्का झाला होता.

मानसशास्त्रही याहून वेगळें सांगत नाहीं. अमेरिकेंतील अल्बर्ट बांडुरा यांनीं १९७७ सालीं या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. सर्पाचें अतिशय भय बाळगणाऱ्या माणसांवर त्यांनीं प्रयोग केले होते. दुसरा कोणी सर्प हाताळीत असतां नुसतें पाहणाऱ्यांना थोडा धीर आला. परंतु ज्यांनीं पायरीपायरीनें स्वतःच्या हातानें तो हाताळला, त्यांचा विश्वास कितीतरी अधिक वाढला. कोणी शब्दांनीं दिलेला धीर उपयोगी पडतो खरा, पण तो हातून घडलेल्या कामाची जागा घेऊं शकत नाहीं, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

टेकाडावर बसून मीं भाच्याला इतकेंच विचारलें, “दोन्ही वेळां कोणत्या विषयांत अडलें ?” त्यानें तत्काळ दोन विषय सांगितले; उत्तर त्याच्यापाशीं तयारच होतें. आणखी विचारतां असें निघालें, कीं त्या विषयांचीं पुस्तकें त्यानें चार वेळां वाचलीं होतीं, पण घड्याळ लावून तीन तासांची संपूर्ण उत्तरपत्रिका एकदांही लिहिली नव्हती. वाचतांना सर्व येतें असें वाटे. लिहावयास बसण्याची भीति वाटे. त्याची धारावी त्याला सांपडली. आतां दर रविवारीं तो एक उत्तरपत्रिका लिहितो आणि चुकांची यादी मला फोनवर वाचून दाखवितो. परीक्षा अद्याप व्हावयाची आहे, तेव्हां तिच्या निकालाविषयीं मी कांहीं भाकीत करीत नाहीं. पण परवां तो आपण होऊन म्हणाला, “मामा, दोन प्रश्न अजून अडतात, बाकीचे आतां येतात.” ‘मला सगळें येईल’ यापेक्षां हें वाक्य मला अधिक भरंवशाचें वाटलें.

आपल्या घरांत मुलांवर प्रेम कमी नाहीं, आशीर्वादही कमी नाहींत. पण अपयश आलेलें मूल पुढें बसलें असतां, ‘तुला जमेल’ असें म्हणून त्याचें तोंड बंद करण्याऐवजीं ‘कोठें अडतें ?’ असें विचारून तें मोकळें करावें. उत्तर ऐकण्यास वेळ लागतो, आणि क्वचित् असेंही ऐकावें लागतें कीं हा कोट घ्यावा अशी हौस आपली होती, मुलाची नव्हती. तेंही ऐकून घ्यावें. मात्र कोट त्याचाच असेल, तर त्यानें पहिलें ठाणें कोणतें घ्यावें हें ठरविण्यास त्याच्याजवळ बसावें. दहीसाखर मग हातावर घालावी.