*तयार खुराडं घेताय? आधी टेप हातात घ्या*



गेल्या आठवड्यात बऱ्याच सभासदांनी तयार खुराड्याचे फोटो पाठवले. 'कंपनीने एकत्र ऑर्डर द्यावी, रेट कमी पडेल' असं म्हणणं आहे. माझं मत विचारलं म्हणून लिहितो: *सरसकट ऑर्डर देऊ नये.* का, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः आईसाठी असंच खुराडं मागवलं. जाहिरातीत '२० कोंबड्यांसाठी' असं लिहिलेलं. लांबी ४ फूट, रुंदी ३ फूट, म्हणजे १२ चौरस फूट. मी शेतीचा डिप्लोमा केलेला माणूस, पण हा साधा भागाकार केला नाही. दिवसभर मोकळी फिरून फक्त रात्री आत बसणाऱ्या कोंबडीलाही साधारण दीड चौरस फूट जागा लागते. त्या हिशोबाने त्यात ८ कोंबड्या बसतात. दिवसभर कोंडून ठेवायच्या तर २ चौरस फूट धरा, म्हणजे ६च. आम्ही १८ कोंबल्या!

पहिल्याच पावसात तळाचं प्लायवूड फुगलं, दार नीट लागेना. आई रोज संध्याकाळी दाराला दगड लावायची. एका रात्री रानमांजर शिरलं. खाल्ली एकच, मारल्या ११. आई मला एका शब्दाने बोलली नाही. पण अंड्यांच्या पैशातून तिचा बचत गटाचा हप्ता जायचा. तो पुढे चार महिने मी भरला.

म्हणून सांगतो, तयार खुराडं वाईट नसतं, आपला हिशोब चुकतो. ज्यांच्याकडे ५-७ कोंबड्या आहेत, किंवा जागा भाड्याची आहे आणि उद्या उचलून न्यावं लागेल, त्यांनी ते जरूर घ्यावं. पण १५-२० कोंबड्या असतील तर गावातल्या वेल्डरकडून ६ बाय ५ फुटांचा सांगाडा करून घेणं मला जास्त पटतं. काही मोडलं तर तोच दुरुस्त करून देतो. कुरिअरने आलेल्या खुराड्याला कोण येणार?

घ्या किंवा बांधा, *या ५ गोष्टी बघाच:*

१) *जागा:* जाहिरातीतला कोंबड्यांचा आकडा सोडा. लांबी गुणिले रुंदी करा, दीडने भागा.

२) *जाळी:* षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. बहुतेक साप आणि उंदीरही अडतात.

३) *हवा:* कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. चारही बाजू बंद आणि वर पत्रा असेल तर मे महिन्यात ती भट्टीच. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. पत्र्याला चुना मारा, वर पाचट टाका.

४) *तळ:* जमिनीपासून दीड-दोन फूट उंच हवा. प्लायवूड नको. विष्ठा ओढून काढता आली पाहिजे. आत नाकाला झोंबणारा वास आला, तर हवा कमी आहे किंवा सफाई राहिली आहे.

५) *कडी आणि खोकी:* फिरकी नको, कुलूप लागेल अशी कडी हवी. अंड्यांसाठी ५ कोंबड्यांमागे एक खोकं.

आणि एक. सगळे पैसे खुराड्यात घालून मानमोडीची (राणीखेत) लस चुकवू नका. रानमांजर ११ मारतं, मानमोडी एकही ठेवत नाही.

*माझी सूचना:* कंपनीने आधी एकच नमुना आणून गोदामासमोर एक पावसाळा उघड्यावर ठेवावा. टिकला, तर ८ पेक्षा कमी कोंबड्या असणाऱ्यांसाठी ऑर्डर देऊ. तोपर्यंत तुमच्याकडे किती कोंबड्या आहेत आणि रात्री कुठे बसतात, एवढं याच नंबरवर लिहून पाठवा. माझं म्हणणं पटलं नसेल तर तेही बिनधास्त कळवा.

– तुमचा कृषी सल्लागार