ब्रेकवर गेलेली पोरं

‘पोरांना कामधंदा नाही, म्हणून झेंडे घेऊन फिरतात.’ बारामती-इंदापुरात हे वाक्य पारावरही ऐकू येतं आणि पुढाऱ्याच्या ओसरीवरही. असं म्हणणाऱ्यानं एकदा दुपारी फर्स्ट शिफ्ट सुटताना एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर उभं राहावं. अंगात कारखान्याचा गणवेश, गळ्यात कार्ड. कार्डावर नाव मात्र ठेकेदाराचं, खाली मुदतीची तारीख. मुदत संपली की ‘ब्रेक’: काही दिवस घरी, मग नवं कार्ड, कधी नवा ठेकेदार, मशीन तेच. यांच्याच मोटारसायकलींवर कुठे मराठ्यांचा भगवा, कुठे धनगरांचा पिवळा. ही पोरं रिकामी नाहीत. राबतात, पण काम त्यांचं नाही.

दुसरं म्हणणं जरा शहाणं आहे: जातींची भांडणं पुढाऱ्यांनी लावली. लावलीच. जुलै २०१४ मध्ये धनगर समाजाच्या आंदोलनात भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष देवेंद्र फडणवीसांनी बारामतीतच एसटी आरक्षणाचा शब्द दिला, तोही पहिल्या मंत्रिमंडळ बैठकीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्या आरक्षणाच्या याचिका फेटाळल्या. मधल्या काळात मिसरूड फुटलेला पोरगा तिशीला टेकला. सप्टेंबर २०२३ मध्ये जालन्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला, डिसेंबरात इंदापुरात ओबीसी एल्गार सभा. पण मंडप घालता येतो, राग भाड्यानं आणता येत नाही.

तो येतो कुठून? २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेमागे शंभर. पहाटे ग्राऊंड मारून, अकॅडमीची फी भरून राहिलेल्या नव्याण्णवांना ‘मी का नाही?’ याचं उत्तर हवं असतं. कटऑफची यादी ते प्रवर्गवार छापूनच देते. शेजारच्या रकान्यात चार गुण कमी दिसले की पुढाऱ्याचं निम्मं भाषण तिथंच होतं. जागा एवढ्या कमी का, याचा रकाना यादीत नसतो.

‘मग जात खोटी, पोट खरं,’ म्हणणारे मित्रही मला पटत नाहीत. ब्रेक सगळ्यांना सारखा लागत नाही. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस असलेला घरी जाऊन पाणी धरतो. जिरायती गावातला बापाच्या मेंढरांमागे जातो. आणि एकर-दीड एकराच्या वाटणीवरचा मराठा पोरगा या दोघांच्या मधे कुठेतरी.

तरीही दुखणं कुठे एक आहे ते दिसलं होतं. ६ सप्टेंबर २०२३ ला सरकारनं नऊ संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि २० ऑक्टोबरला तो मागे घेतला. आरक्षणावरून गावं दुभंगत होती, त्याच दीड महिन्यात सगळ्या प्रवर्गांतली पोरं या निर्णयाविरुद्ध बोलत होती. खासगी कारखान्यात तर आरक्षण मुळातच नाही. तिथं भांडण ठेकेदारीशी आहे. राज्यानं २०१७ पासून ठेकेदारी कायदा लागू होण्याची मर्यादा २० कामगारांवरून ५० वर नेली. त्यावर इंदापुरात कुणी मंडप घातल्याचं मला आठवत नाही. बारमाही कामातली ठेकेदारी बंद करण्याचा अधिकार १९७० च्या त्याच कायद्याचं कलम १० सरकारला २०२५ पर्यंत देत होतं. भगव्या आणि पिवळ्या, दोन्ही व्यासपीठांवरून ‘बारमाही कामातली ठेकेदारी बंद करा’ ही एक मागणी मला ऐकायची आहे.