शून्यावा रविवार

रविवार हा आठवड्याचा पहिला वार, हे शाळेतले पोरही सांगेल. संगणकाला मात्र विचारून पाहा. तो म्हणेल, "पहिला नव्हे, शून्यावा!"

वाचकहो, ही थट्टा नव्हे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००६ साली 'पॉवरशेल' नावाची भाषा काढली. आपण आज्ञा टाइप करावी आणि यंत्राने ती पाळावी, असा तिचा खाक्या. तिच्यापाशी काही पक्क्या याद्या असतात; त्यांना 'एनम' म्हणतात. वारांची यादी त्यांतलीच. तीत सात इंग्रजी नावे आणि प्रत्येक नावामागे एक अंक: संडे ०, मंडे १, असे करीत सॅटर्डे ६.

आता समजा, कचेरीच्या दप्तराची नक्कल दर रविवारी रात्री उतरवून ठेवायची आहे. कुणी पहिला वार म्हणून १ लिहिला, तर यंत्र ब्र न काढता सोमवार धरील. मग एखाद्या सोमवारी सकाळी दप्तर बिघडले म्हणजे कळते, की कालची नक्कल नाहीच; आहे ती आठवडा जुनी!

तेच अंकाऐवजी नाव लिहिले आणि त्यात एक अक्षर चुकले, तर यंत्र तिथेच अडते, आणि वर सातही नावे पडद्यावर लिहून दाखवते. नुसते 'एम्' लिहिले तर सोमवार ओळखते. 'एस्' लिहिले तर पुन्हा अडते, कारण शनिवार आणि रविवार दोघेही त्याच अक्षराचे!

घरातले कुणी या विद्येत शिरले असेल, तर त्याला एवढेच सांगा: अंक मुकाट्याने फसवतो, नाव ओरडून सावध करते. तेव्हा वाराला नावानेच हाक मारावी.