प्लेस्टेशन की एक्सबॉक्स? एका आजोबांचा प्रश्न

नातवाच्या मुंजीत त्याला टीव्हीस जोडून खेळावयाचे यंत्र द्यावे असे ठरले आहे. परंतु सोनीचे ‘प्लेस्टेशन’ घ्यावे की मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स’, यावरून घरात दोन तट पडले आहेत, असे लष्कर भागातील एका आजोबांनी आम्हांस कळविले आहे. मुलाचे वडील म्हणतात, स्वस्त असेल ते आणा. पुण्याची आत्या म्हणते, नामांकित असेल ते आणा. प्रश्न पोरकट म्हणून बाजूस सारण्याजोगा नाही. चाळीस-पन्नास हजार रुपये ही निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात लहान रक्कम नव्हे. शिवाय एका यंत्रासाठी घेतलेला खेळ दुसऱ्यात चालत नाही. म्हणजे आज जे घरात येईल, त्याच्याशी पुढची सहा-सात वर्षे बांधून घ्यावे लागते.

आपल्या पिढीस हा पेच अगदीच अनोळखी नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ घरोघरी व्हीसीआरचा विषय निघू लागला. त्याही यंत्राच्या दोन जाती होत्या. सोनीने १९७५ साली ‘बीटामॅक्स’ काढले, जेव्हीसीने १९७६ साली ‘व्हीएचएस’. बीटामॅक्सचे चित्र अधिक स्वच्छ, असे जाणकार सांगत. पण त्याच्या पहिल्या कॅसेटवर एकच तास मावे, व्हीएचएसच्या कॅसेटवर दोन. कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानांत व्हीएचएसच मिळू लागल्यावर चित्राच्या स्वच्छतेस कोण विचारतो? १९८८ मध्ये खुद्द सोनीलाच व्हीएचएस यंत्रे काढावी लागली. यंत्र किती गुणी आहे यापेक्षा, त्यात घालावयाची वस्तू दुकानात, शेजारी आणि आप्तांकडे मिळते की नाही, यावर निकाल लागला. आजोबांनीही विचारास येथूनच आरंभ करावा.

आता प्रत्यक्ष यंत्रांकडे वळू. एक्सबॉक्सची दोन यंत्रे १० नोव्हेंबर २०२० रोजी भारतात आली : थोरले ‘सीरिज एक्स’ ४९,९९० रुपयांना आणि धाकटे ‘सीरिज एस’ ३४,९९० रुपयांना. ‘प्लेस्टेशन ५’ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले. डिस्क घालता येते ते ४९,९९० रुपयांना, डिस्कविरहित ३९,९९० रुपयांना. हे भाव पुढे बदलले आहेत. दुकानात ताजा आकडा विचारून घ्यावा. यंत्राचा वेग, चित्रातील बारकावे यांवर दुकानातील मुलगा अर्धा तास बोलेल. ते सारे ऐकून घ्यावे; परंतु दोन्ही थोरली यंत्रे या बाबतीत इतकी तुल्यबळ आहेत की दहा वर्षांच्या मुलास त्यातील फरक जाणवणार नाही.

खरा फरक डिस्कच्या खाचेचा आहे. डिस्क विकत घेतली तर ती मित्रास देता येते, मावसभावाकडून आणता येते, कंटाळा आल्यावर विकताही येते. डिस्कविरहित यंत्रात खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो आणि तो खरेदी करणाऱ्याच्या खात्याशी जखडलेला राहतो. हा भेद किती मोलाचा आहे, ते २०१३ साली जगाने पाहिले. त्या वर्षी येऊ घातलेल्या ‘एक्सबॉक्स वन’साठी मायक्रोसॉफ्टने नियम काढला होता की, यंत्र दर चोवीस तासांत एकदा तरी इंटरनेटला जोडलेच पाहिजे, आणि विकत घेतलेला खेळ मित्रास द्यावयाचा तर तो एकदाच, तोही ठराविक अटींवर. सोनीने उत्तरादाखल अवघ्या काही सेकंदांची चित्रफीत काढली. तीत एक गृहस्थ दुसऱ्याच्या हातात खेळाची डबी देतो, बस्स! खरेदीदारांत एवढा गदारोळ झाला की १९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले.

तरीही वारा त्याच दिशेने वाहतो आहे. जुन्या ‘एक्सबॉक्स ३६०’ चे इंटरनेटवरील दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. तेथे आता नवी खरेदी होत नाही. मायक्रोसॉफ्टची ‘गेम पास’ ही मासिक वर्गणीची योजना पुष्कळांस सोयीची वाटते, कारण शेकडो खेळ एकदम हाती येतात. पण वर्गणी थांबली की खेळही थांबले; आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्या सर्वांत वरच्या प्रकाराचा अमेरिकेतील दर महिना १९.९९ डॉलरांवरून २९.९९ डॉलरांवर गेला. वाचनालयाची वर्गणी अशी वाढली असती तर आमच्या वाचकांनी कार्यकारिणीस सभेत उभे केले असते.

तेव्हा आमचा कौल डिस्क घालता येणाऱ्या यंत्रास, आणि त्यांतही प्लेस्टेशनला. २०२४ पासून मायक्रोसॉफ्ट आपलेच खेळ सोनीच्या यंत्रासाठी देऊ लागली आहे. ‘फोर्झा होरायझन ५’ ही मोटारींची शर्यत एप्रिल २०२५ मध्ये तेथे आली. सोनीचे कित्येक खेळ मात्र एक्सबॉक्सवर गेलेले नाहीत. याला अपवाद एकच : कोणा थोरल्या भावंडाकडे एक्सबॉक्सच्या जुन्या डिस्क साठल्या असतील, तर सीरिज एक्समध्ये त्यांतील पुष्कळशा चालतात. प्लेस्टेशन ५ मध्ये मागील ‘प्लेस्टेशन ४’ च्या डिस्क चालतात, त्याआधीच्या नाहीत.

पण यंत्र आणण्यापूर्वी आजोबांनी नातवाच्या चार मित्रांकडे कोणते यंत्र आहे, ते विचारावे. चौघांकडे एक्सबॉक्स असेल तर आमचा वरील सारा युक्तिवाद खुशाल विसरावा. मे महिन्यात इंदूर-पुण्याहून भाचरे येतात, तेव्हा एका कंट्रोलरवर चार मुले म्हणजे दिवसभर भांडण. म्हणून दुसरा कंट्रोलर हिशेबात प्रथमच धरावा. खेळाच्या डबीवर वयाचा आकडा छापलेला असतो. तो आजोबांनी चष्मा लावून वाचावा. अठराचा आकडा असलेला खेळ मुंजीत कोणी देऊ नये.

शेवटी आपल्या गावाविषयी. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, आणि ही यंत्रे आतील उष्णता वाऱ्याने बाहेर टाकतात. काचेच्या शोकेसमध्ये, क्रोशाचे आच्छादन घालून यंत्र ठेवले तर ते तापून बंद पडेल. चहूबाजूंनी हवा खेळेल अशा उघड्या फळीवर ठेवावे आणि मागची धूळ पंधरवड्याने पुसावी. विजेचा दाब खालीवर होणाऱ्या मोहल्ल्यात यूपीएस घ्यावा, म्हणजे दिवे गेले तरी खेळ मधेच तुटत नाही. मुंजीच्या आदल्या रात्री यंत्र एकदा जोडून पाहावे. प्रथम सुरू करताना ते इंटरनेटवरून बरेच काही उतरवून घेते, त्यास तासन्‌तास लागू शकतात, आणि बटूस तेवढा धीर नसतो.