तळटीप आमच्यासाठी, तक्ता कुणासाठी?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये सर्व्हिसचा तक्ता असतो आणि बहुतेक वेळा त्याच्या खाली बारीक अक्षरांत एक टीप: धूळ, चिखल, कडक ऊन, जादा ओझं, जवळजवळच्या फेऱ्या असतील तर देखभाल लवकर करा. याला म्हणतात 'सिव्हिअर कंडिशन'. मी अहमदपूरचा. ही यादी वाचली की वाटतं, आमच्या तालुक्याचंच वर्णन केलंय. मग आम्ही तळटिपेत का?

तुळजापूर-नागपूर महामार्ग ३६१ आमच्याकडून जातो, पण शेत महामार्गावर नसतं. डांबर सुटलं की पांदण. उन्हाळ्यात घोटाभर फुफाटा, पारा चाळिशीच्या वर. पावसाळ्यात तीच काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाक-मडगार्डच्या मधे घट्ट बसते. दूध घालायला दोन किलोमीटर, पोराला शाळेत सोडायला एक. इंजिन नीट तापायच्या आत बंद. मग ऑइलमध्ये उतरलेलं पाणी नि कच्चं पेट्रोल उडून जात नाही, ऑइल आतल्या आत नासतं. खराब फिल्टरमधून धुळीचे कण आत गेले की सिलिंडर आणि रिंगा घासतात. गाडी ऑइल प्यायला लागते, निळा धूर सोडते. मालक म्हणतो, कंपनीचा माल हलका. कंपनी म्हणते, तुम्ही देखभाल केली नाही. तळटीप कामाला येते ती इथं, आणि कंपनीच्याच.

गंमत म्हणजे याच गावात ट्रॅक्टरची सर्व्हिस कुणी किलोमीटरवर मोजत नाही. तासांवर मोजतात. नांगर ओढणारं इंजिन किती लांब गेलं याला अर्थ नाही, किती राबलं याला आहे. हे शहाणपण आपल्या बापाला आहे. मग तिघं बसवून पांदणीतून जाणाऱ्या मोटारसायकलला किलोमीटरचा हिशेब कसा पुरेल?

'पैसे कुठून आणायचे?' प्रश्न खरा आहे. पण फिल्टर उघडून बघायला, चेनची माती काढायला, टायरची हवा तपासायला कितीसा खर्च येतो? मोबाइल घेतला की दुकानातच स्क्रीनगार्ड लावून घेतो आपण. ब्रेकच्या ड्रममधली माती मात्र महिनोन्‌महिने तशीच. आणि रात्री समोर उसाची ट्रॉली असते, मागं लाल दिवा नसलेली. तिथं ब्रेक उशिरा लागला तर इंजिनाचा नाही, माणसाचा प्रश्न असतो.

तरीही सगळा दोष आपल्या माथी मारून घेऊ नका. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली राज्याने मातोश्रींच्या नावाची योजना आणली. ज्या शेतापर्यंत रस्ता पोचला नाही, तिथला शेतकरी खराब रस्त्याचा कर गॅरेजात भरतो. त्याची पावती कुणी देत नाही.

म्हणून शोरूममध्ये चावी घेताना फोटो काढायच्या आधी एक गोष्ट मागा: खडतर रस्त्याचा तक्ता, मराठीत, पहिल्या पानावर. विकणाऱ्यानं विचारलं पाहिजे, गाडी कुठं चालणार? तो विचारणार नाही. तुम्हीच सांगा, आणि सर्व्हिस बुकात लिहून घ्या. आमच्याकडं 'सिव्हिअर' हा अपवाद नाही, रोजचा रस्ता आहे.