पाठ टेंकल्यानंतर

कुस्ती हा शब्द निघाला कीं आमच्या पांढरपेशा घरांतून दोन मतें हटकून ऐकूं येतात. एक असें कीं, ही विद्या थोर खरी, पण आपल्या घरची नव्हे. दुसरें असें कीं, आपल्या घरची मानली तरी ती विसाव्या वर्षापर्यंतची. पुढें मनुष्यानें फिरावयास जावें, फार तर सूर्यनमस्कार घालावे, आणि हाडें जपावीं. या दोन्ही मतांचा विचार करण्याचा प्रसंग यंदा आमच्याच कुटुंबांत आला, आणि तो वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं आलेला किंवा येऊं घातलेला असेल. कारण दिवसभर संगणकापुढें बसणारे, चाळिशीकडे झुकलेले गृहस्थ संध्याकाळीं जाड अंगरखा घालून गादीवर एकमेकांशीं झोंबतांना पुण्यामुंबईंत आतां दिसूं लागले आहेत. त्या खेळास ब्राझिलियन जिउ-जित्सु म्हणतात.

पहिल्या मताचा निकाल थोडक्यांत लागतो. गुजराथेंतील मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांनीं मल्लविद्या हाच आपला कुलधर्म मानिला. त्यांच्या परंपरेचें 'मल्लपुराण' हें संस्कृत पुस्तक बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९६४ सालीं छापून निघालें आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत मल्लविनोदाचें स्वतंत्र प्रकरण असून त्यांत मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार व त्यांची मेहनत यांचा विचार केला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळच्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबास पुन्हा ऊर्जितावस्था आणिली. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं लाविलेल्या रोपट्याचा पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा वृक्ष झाला, आणि त्या मंडळाच्या पथकानें १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं तेथें आपले खेळ करून दाखविले. तेव्हां ही विद्या आपल्या घरची नव्हे असें म्हणणारानें आपलें घर नीट पाहिलेलें नाहीं, इतकेंच म्हणतां येईल.

दुसऱ्या मताकडे वळण्यापूर्वीं हा परदेशी खेळ कोणता, तें सांगितलें पाहिजे. जपानी भाषेंत 'जू' म्हणजे मृदु आणि 'जुत्सु' म्हणजे विद्या. या जुन्या विद्येला शिस्त लावून जिगोरो कानो या शिक्षकानें १८८२ सालीं टोकियोस जूडोची शाळा काढली. त्या शाळेंत तयार झालेला मित्सुयो माएदा १९१४ सालीं ब्राझिलांत उतरला व पुढें बेलें या शहरीं राहिला. त्याच्यापासून कार्लोस ग्रेसी हा तरुण शिकला, आणि कार्लोस व त्याचा किरकोळ अंगाचा धाकटा भाऊ हेलिओ यांच्या घराण्यानें जमिनीवर पडल्यानंतरच्या झुंजीचें अंग विशेष वाढविलें. आमच्या देशासही ही विद्या अगदींच अनोळखी नव्हती. रवींद्रनाथांनीं १९२९ सालीं शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकास शांतिनिकेतनांत बोलावून तेथील मुलामुलींस जूडोचे पाठ देवविले होते.

आतां आमच्या मातीशीं याची तुलना करूं. जुन्नर-आंबेगांवच्या बाजूस चैत्र-वैशाखांत गांवोगांवच्या जत्रा भरतात. दुपार कलली कीं हलगी वाजूं लागते, फेटे बांधलेले पंच आखाड्यांत उभे राहतात, पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात आणि शेवटच्या जोडीस मोठें इनाम असतें. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या त्या लाल मातींत निकालाची कसोटी एकच: पाठ टेंकली कीं कुस्ती संपली. येडगांवच्या शेंबड्या पोरासही हें समजतें. त्यास पंचाची जरूर लागत नाहीं. जिउ-जित्सुंत मात्र पाठ टेंकली म्हणजे कुस्ती सुरू झाली. खालीं पडलेला गडी दोन्ही पायांचा वेढा वरच्याच्या कमरेस घालतो, त्याची बाही व गळपट्टी धरतो, आणि तेथून त्यास उलटवितो, त्याच्या हाताचा सांधा अडकवितो किंवा त्याचा गळा आवळतो. ज्यास सुटतां येत नाहीं त्यानें समोरच्याच्या अंगावर अथवा गादीवर हातानें दोनदां थोपटावयाचें. थोपटलें कीं पकड तत्क्षणीं सुटते. हार कबूल करणें हा या खेळाचा पायाच आहे.

आणि आमच्या चिरंजिवांचें घोडें नेमकें येथेंच अडलें होतें.

हे चिरंजीव म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा. वय ३६, पुण्यास नोकरी, दोन लहान मुलें. रक्तांतील साखर वाढूं लागल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें तेव्हां यानें फिरावयास जाण्याचें सोडून ही विद्या धरली. सात महिन्यांत वजन उतरलें, झोंप सुधारली. घरीं सर्व प्रसन्न. इतक्यांत एके दिवशीं कोंपर सुजवून आला. सहा आठवडे हात गळ्यांत. हात बरा होतो न होतो तोंच यानें मुंबईच्या एका स्पर्धेंत नांव नोंदविलें. धाकट्या भावजयीचा आम्हांस दूरध्वनी आला, "भाऊजी, तो तुमचें ऐकतो. त्याला म्हणावें, हें सोड. त्या अंगरख्याला मी तर हात लावायची नाहीं."

आम्ही नारायणगांवहून एस. टी. नें पुणें गांठलें आणि, कांहीं एक न बोलतां, संध्याकाळीं त्याच्याबरोबर तालमींत जाऊन बसलों. मोठ्या खोलींत भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या. वीस-बावीस माणसें, त्यांत कॉलेजची मुलें, दोन मुली, एक वकील, आणि पन्नाशीचे एक दंतवैद्य. दंतवैद्यांची जोड एका मुलीशीं लागली. पांच मिनिटांत त्या मुलीनें त्यांना चार वेळां थोपटावयास लाविलें. प्रत्येक वेळीं ते हंसून, चष्मा नसलेले डोळे मिचकावून, "पुन्हा" म्हणत व बसत. आमच्या चिरंजिवांची तऱ्हा निराळी. तो थोपटी, पण दांत आवळून, शेवटच्या क्षणीं, जसा कोणी पैसे मोजून देतो तसा.

परततांना आम्हीं विचारलें, "त्या दिवशीं हाताला ताण बसूं लागला तेव्हां थोपटलें कां नाहींस?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अण्णा, समोर वीस वर्षांचा पोरगा होता."

सारें दुखणें या एका वाक्यांत होतें. आमच्या घरांतील मुलांस लहानपणापासून वरचा नंबर ठाऊक असतो. हरावें कसें, हा विषय कोणत्याच इयत्तेंत नसतो. तालमींतला मुलगा दिवसांतून दहा वेळां पडतो व दहा वेळां उठतो; त्याला पडण्याची लाज राहत नाहीं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातींत वाढलेले. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें गादीवर लढून ते सहावे आले. तेवढ्यावर न थांबतां त्यांनीं ती रीत आत्मसात केली, आणि १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास मिळालेलें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक तें हेंच.

चिरंजिवांस आम्हीं हेलिओ ग्रेसीचीच कथा ऐकविली. १९५१ सालीं रिओच्या माराकाना मैदानांत त्याची गांठ मासाहिको किमुरा या बलाढ्य जपानी जूडोपटूशीं पडली. किमुरानें त्याचा हात पाठीकडे पिरगाळला. हेलिओनें थोपटलें नाहीं. हात मोडला, तरी थोपटलें नाहीं; शेवटीं त्याच्या बाजूच्या माणसांनीं लढत थांबविली. ती पकड आज किमुराच्याच नांवानें शिकवितात. हेलिओच्या धैर्याबद्दल आम्हांस आदर आहे. पण त्याचें घराणें त्या विद्येवर उभें होतें. ज्यास सोमवारीं सकाळीं कचेरी गांठावयाची आहे व मुलीस उचलून घ्यावयाचें आहे, त्यानें तो कित्ता गिरवूं नये. हौशी मनुष्यानें थोपटावयाचें तें दुखण्यापूर्वीं, दुखल्यावर नव्हे.

सोड असें आम्हीं त्यास म्हटलें नाहीं. तीन अटी मात्र घातल्या. हाडांच्या डॉक्टरांनीं कोंपर तपासून होकार दिल्याखेरीज लढावयाचें नाहीं. जुनी दुखापत जोडीदारास आधीं सांगावयाची. आणि सांधा अडकला कीं समोर कोणीही असो, थोपटावयाचें.

ज्यांच्या घरीं असा हौशी मल्ल निर्माण झाला आहे त्यांच्यासाठीं दोन व्यावहारिक गोष्टी सांगतों.

प्रथम गुरु. या विद्येंत पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी व काळा असे पट्ट्यांचे पांच दर्जे आहेत, आणि काळ्यापर्यंत जावयास दहा वर्षें लागणें ही सामान्य गोष्ट होय. शिकविणारास त्याचा पट्टा कोणी दिला, हें विचारण्यांत संकोच धरूं नये. विद्येची परंपरा विचारणें ही आपली जुनीच रीत आहे. नवशिक्यास पहिल्या आठवड्यांतच दांडग्यांच्या हातीं देणारी तालीम टाळावी. गाद्या रोज पुसल्या जातात कीं नाहीं, हेंही पाहावें. नायटा व दुसरे त्वचारोग येथें एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर सहज जातात.

दुसरें सामान. आमच्या पैलवानास एक लंगोट पुरतो. येथें जाड विणीचा सुती अंगरखा, विजार व पट्टा लागतो. तीन महिने टिकाल तोंपर्यंत भारी किंमतीचा घेऊं नये, साधा घ्यावा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाप्रमाणें चालणाऱ्या स्पर्धेंत पांढरा, रॉयल निळा व काळा एवढेच रंग चालतात, आणि हात समोर ताठ धरिला असतां बाही मनगटापासून ५ सेंटिमीटरांहून अधिक आखूड चालत नाहीं. सुती कापड ऊन पाण्यांत आटतें, म्हणून थंड पाण्यांत धुवावें. प्रत्येक वेळीं धुवावें. घामेजलेला अंगरखा पिशवींत तसाच ठेवणें हा सोबत्यांचा अपराध होय. श्रावणांत तो दोन दिवस वाळत नाहीं, तेव्हां टिकल्यावर दुसरा जोड घ्यावाच. आंत अंगाबरोबर बसणारी बंडी व दांतांवर बसविण्याचें रबरी कवच असावें. नखें कापलेलीं असावीं. कान वारंवार घासून सुजला तर त्यांत रक्त सांचतें व तो कायमचा गड्ड्यासारखा होतो. तो लागलीच डॉक्टरांस दाखवावा. रंगीत पट्टा मात्र दुकानांतून आणावयाचा नसतो, तो गुरूनें बांधावयाचा असतो.

स्पर्धेस उतरणारानें हें ध्यानांत ठेवावें कीं तेथें वजन, पट्टा व वय या तिन्हींवरून जोड लावितात. तिसाव्या वर्षापासून पुढें निराळे गट आहेत, आणि त्यांतील शेवटचा ६१ वर्षांपासून सुरू होतो. म्हणजे आमचेंही नांव घालण्याची सोय आहे, परंतु तो मोह आम्हीं आवरला आहे. पांढऱ्या पट्ट्याची लढत पांच मिनिटांची. उभ्यानें पाडल्यास २ गुण, खालून उलटविल्यास २, पायांचा वेढा ओलांडल्यास ३, छातीवर सवारी भरल्यास अथवा पाठ धरल्यास ४. थोपटविल्यास गुणांचा हिशेब उरतच नाहीं. वजन अंगरख्यासकट करितात, म्हणून घरच्या काट्यावर तो घालूनच उभें राहावें. आणि पहिल्या खेपेस उपाशी राहून खालच्या गटांत शिरण्याचा खटाटोप करूं नये.

डॉक्टरांनीं होकार दिला व चिरंजीव मुंबईस गेले. पहिल्याच लढतींत हरले. तिसऱ्या मिनिटास प्रतिस्पर्ध्यानें पाठ धरली, गळपट्टीनें गळा आवळला, आणि यांनीं दोनदां थोपटलें. समोरचा किती वर्षांचा होता, तें आम्हीं विचारलें नाहीं व त्यानेंही सांगितलें नाहीं. आईस मात्र त्यानें तेथूनच कळविलें, "हरलों. हात ठीक आहे. रात्रीं जेवायला येतों."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं भावजयीचा पुन्हा दूरध्वनी आला. मागें नळाचें पाणी पडत असल्याचा आवाज होता.

"भाऊजी," तिनें विचारलें, "हा अंगरखा थंड पाण्यांतच धुवायचा ना?"