पेढी हलवा, पण अमानत आधी पोहोचवा

माझा पुतण्या पुण्यात एका ब्लॉकचेन प्रकल्पात नोकरीस आहे. गेल्या ईदला घरी आला तेव्हा म्हणाला, "चाचा, आमचे मालक प्रकल्प दुसऱ्या नेटवर्कवर नेणार आहेत. तिथे खर्च कमी आहे. तुम्ही दुकान एका बाजारातून दुसऱ्या बाजारात नेले, तेव्हा सर्वांत कठीण काय गेले?" मी म्हणालो, "बेटा, कापडाचे तागे दोन टेम्पोंत गेले. कठीण गेली ती खतावणी."

ज्या वाचकांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्लॉकचेन म्हणजे एकाच मुनीमाच्या हाती नसलेली खतावणी. तिच्या नकला शेकडो संगणकांवर असतात व ठरलेल्या नियमाने पुरेशा बहुमताचा मेळ बसला तरच नोंद पक्की होते. इथेरियम, सोलाना, पॉलिगॉन ही नेटवर्क म्हणजे वेगवेगळे बाजार. प्रत्येकाचा नियम वेगळा, भाडे वेगळे. या नाण्यांची खरेदी-विक्री जायज की नाजायज, हा उलेमांचा प्रांत आहे. त्यात मी पडत नाही. पण आपली अनेक मुले या क्षेत्रात कारागीर आहेत, काही मालकही झाली आहेत. स्थलांतराचा प्रश्न त्यांच्यापुढे आज ना उद्या येणारच.

मी दुकान हलवले तेव्हा जुन्या शटरवर महिनाभर पाटी लावली व समजलो, फर्ज अदा झाले. चौथ्या महिन्यात खेड्यातला एक म्हातारा रंगारी आपले चार हजार रुपये घ्यायला आला. पाटी निघालेली, शटर बंद. शेठ पैसे बुडवून पळाला, असे समजून तो परत गेला. दोन वर्षांनी एका लग्नात भेटला तेव्हा मला हे कळले. पैसे मी तिथेच दिले. पण दोन वर्षे त्या गरिबाच्या घरात माझे नाव कसे घेतले गेले असेल, याचा विचार आजही झोप उडवतो.

आपल्या दीनमध्ये स्थलांतराचा सर्वांत मोठा आदर्श हिजरतचा आहे. इ. स. ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) मक्का सोडून निघाले, तेव्हा जिवावर उठलेल्या लोकांच्या ठेवीदेखील त्यांच्यापाशी होत्या. त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. ज्याला प्रकल्प हलवायचा आहे त्याने स्वतःला आधी हेच विचारावे : मागे अमानत कोणाकोणाची आहे, आणि ती पोहोचवायला मी कोणाला ठेवले आहे?

हे नीट करता येते, याची उदाहरणे आहेत. हीलियम हे लोकांनी आपापल्या घरी बसवलेल्या वायरलेस यंत्रांचे जाळे. त्यांची स्वतःची ब्लॉकचेन होती, पण ती सांभाळण्यातच कारागिरांची शक्ती खर्च होई. सप्टेंबर २०२२ मध्ये सदस्यांचे मत घेतले गेले आणि १८ एप्रिल २०२३ रोजी सारा हिशेब सोलानावर गेला. सेलोने तर आणखी सबुरी दाखवली. जुलै २०२३ मध्ये प्रस्ताव मांडला, २०२४ मध्ये चाचणीच्या नेटवर्कवर तालीम केली आणि २६ मार्च २०२५ रोजी स्वतंत्र ब्लॉकचेन सोडून इथेरियमच्या आश्रयाला गेले. खातेदारांच्या बाक्या जशाच्या तशा राहिल्या. पावणेदोन वर्षे कशात गेली, हे घाई करणाऱ्या मालकांनी पाहावे.

निष्काळजीपणाचे उदाहरणही ऐका. २०२२ मध्ये ऑप्टिमिझम या नेटवर्कच्या संस्थेने विंटरम्यूट या पेढीला २ कोटी टोकन पाठवले. पेढीने पत्ता दिला तो इथेरियमवरील आपल्या अनेक सह्यांच्या तिजोरीचा. तोच पत्ता ऑप्टिमिझमवर लिहिता येत होता, पण तिथे ती तिजोरी उघडलेलीच नव्हती. एका त्रयस्थाने त्या पत्त्यावर आधी तिजोरी उभी केली आणि माल ताब्यात घेतला. पुढे १ कोटी ७० लाख टोकन परत मिळाले, हे नशीब. गाळा नंबर ७ दोन्ही बाजारांत असतो. म्हणून दोन्ही गाळे आपले होत नाहीत.

दुसरा धोका पुलाचा. एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर माल नेण्याची जी सोय असते तिला पूल म्हणतात. बहुतेक वेळा मूळ माल इकडे गोदामात कुलूपबंद राहतो व तिकडे त्याची पावती फिरते. गोदाम फुटले की पावती रद्दी. मार्च २०२२ मध्ये रोनिनच्या पुलाच्या नऊ किल्ल्यांपैकी पाच चोरांच्या हाती लागल्या. १ लाख ७३ हजार ६०० ईथर आणि अडीच कोटींहून अधिक डॉलर-टोकन गेले. मालकांना पत्ता लागला तो सहा दिवसांनी. ज्या पेढीचा रोजमेळ सहा दिवस कोणी पाहत नाही, तिथे दुसरे काय होणार?

तिसरी गोष्ट लालचीची. नवे नेटवर्क गिऱ्हाईक आणण्यासाठी रोख मदत देते. नव्या बाजाराचा मालकही पहिल्या वर्षाचे भाडे माफ करतोच. यूट्स नावाचा डिजिटल चित्रांचा संग्रह ३० लाख डॉलरची मदत घेऊन सोलानावरून पॉलिगॉनवर गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्येच ती रक्कम परत करून इथेरियमकडे जाण्याची घोषणा झाली. एका वर्षात गिऱ्हाइकाने किती वेळा पत्ता बदलायचा?

आणि शेवटी तो, ज्याला बातमीच कळत नाही. २०१७ साली मुंबईत मॅटिक नावाने सुरू झालेल्या पॉलिगॉनने ४ सप्टेंबर २०२४ पासून मॅटिक टोकनच्या जागी पोल आणले, एकास एक. पॉलिगॉनच्या नेटवर्कवर ज्यांचे टोकन होते त्यांचे आपोआप बदलले. इथेरियमवर ठेवलेल्यांना मात्र ते स्वतः बदलून घ्यावे लागणार होते. असा प्रत्येक न कळलेला खातेदार म्हणजे माझा तो रंगारी.

पुतण्याला मी जे सांगितले तेच सर्वांना सांगतो. जुन्या खतावणीची एका ठरलेल्या क्षणाची नक्कल घ्या व ती सर्वांपुढे ठेवा, म्हणजे ज्याला त्याला आपली बाकी पडताळता येईल. नव्या बाजारासाठी लिहिलेला प्रोग्राम बाहेरच्या जाणकाराकडून तपासून घ्या. जुन्याचा दाखला नव्याला चालत नाही. आधी थोड्या मालावर तालीम करा. आणि जुना दरवाजा शक्य तितका काळ उघडा ठेवा, तिथे माणूस बसवा. त्याचा पगार हा खर्च नव्हे, कर्ज फेडणे आहे. एवढी ऐपत नसेल तर भाडे जास्त असले तरी जुन्याच बाजारात राहा.

कमी भाड्याने नफा वाढतो. बरकत मात्र ज्याचे त्याला पोहोचल्याने येते. अल्लाह आपल्या तरुणांना हुनराबरोबर अमानतदारीही देवो. आमीन.